मालिकेतल्या थोरल्या मुलाची चाहती

वाचकाचे पत्र

मी ५६ वर्षांची असून मिरजेत राहते. बँकेतून स्वेच्छानिवृत्ती घेतली त्याच सुमारास मुलगी लग्न होऊन पुण्याला गेली आणि संध्याकाळी साडेसातला लागणारी एक मालिका मी पाहू लागले. तीत थोरल्या मुलाची भूमिका करणाऱ्या कलाकाराची मी निस्सीम चाहती झाले आहे. त्यांच्या मुलाखतींची कात्रणे मी वहीत चिकटवते, त्यांच्या वाढदिवसाला कोल्हापूरला जाऊन अंबाबाईची ओटी भरते आणि मालिकेत त्यांचा अपघात होऊन ते बेशुद्ध होते तेव्हा, मला मधुमेह असूनही, मी सोमवार धरले होते. यजमान म्हणतात, ‘या वयात हे शोभते का?’ मुलगी हसते. मध्यंतरी फेसबुकवर त्यांच्या सेक्रेटरीचा संदेश आला. वाढदिवसाच्या खासगी समारंभात प्रत्यक्ष भेट घडवून देतो, त्यासाठी १२ हजार रुपये पाठवा, असे त्यात होते. अजून पाठवलेले नाहीत. आता मालिका पुढच्या महिन्यात संपणार असे कळले आणि घशाखाली घास उतरेना. माझे काही चुकते आहे का? मालिका संपल्यावर मी काय करू?

– एक चाहती, मिरज

उत्तर

सप्रेम नमस्कार.

तुमच्या पत्रातला सर्वांत तातडीचा मुद्दा १२ हजार रुपयांचा आहे, म्हणून तो आधी हातावेगळा करते. ते पैसे पाठवू नका. ज्याने संदेश पाठवला तो त्या कलाकाराचा सेक्रेटरी नाही, हे मी पत्रावरूनच खात्रीने सांगू शकते, कारण चाहत्यांकडून पैसे मागून खासगी समारंभाला बोलावण्याची पद्धत या व्यवसायात नाही. कलाकारांच्या नावाने खोटी खाती उघडायची, चाहत्यांच्या गटांत शिरून कोण किती भाबडेपणाने लिहिते हे हेरायचे, आठ-पंधरा दिवस गोड बोलायचे आणि मग वाढदिवस, आजारपण किंवा एखाद्या संस्थेची मदत असे निमित्त काढून पैसे मागायचे, हा त्या मंडळींचा ठरलेला क्रम असतो. त्या माणसाला उत्तर देऊ नका, संदेशाचे स्क्रीनशॉट काढून ठेवा आणि खाते ब्लॉक करा. हे उत्तर तुमच्या हाती पडेपर्यंत पैसे गेलेले असतील तर लाजत बसू नका. १९३० हा सायबर आर्थिक फसवणुकीसाठीचा राष्ट्रीय मदत क्रमांक आहे. त्यावर त्याच दिवशी, शक्य असेल तर त्याच तासात, तक्रार नोंदवा, कारण रक्कम पुढच्या खात्यातून काढली जाण्याआधी ती गोठवता आली तरच परत मिळण्याची आशा असते. तुम्ही स्वतः बँकेत नोकरी केलेली आहे. हेच एखाद्या खातेदाराने तुमच्या काउंटरवर येऊन सांगितले असते तर तुम्ही त्याला काय म्हणाला असता, ते आठवा.

आता यजमानांचा प्रश्न घेऊ. ‘या वयात’ हे शब्द त्यांनी वापरले आहेत, पण खरा आक्षेप वयाला असेल असे मला वाटत नाही. कपिल देवने किंवा सचिनने कोणत्या सामन्यात किती धावा केल्या हे साठीतला पुरुष तोंडपाठ सांगतो, तेव्हा त्याला कोणी वय विचारत नाही. उलट चार माणसे कौतुकाने ऐकत बसतात. बाईने मालिकेतल्या नटाचे नाव घेतले की मात्र ते खूळ ठरते. हा दुजाभाव आपल्याकडे जुना आहे आणि यजमानांनी तो मुद्दाम अंगी बाणवलेला नसावा. त्यांना इतकेच सांगा की ज्या गावात तुम्ही दोघे राहता त्या गावच्या नाट्यगृहाला बालगंधर्वांचे नाव आहे. नारायणराव, म्हणजे बालगंधर्वच, १९०५ मध्ये किर्लोस्कर नाटक मंडळीत आले, आणि पुढे त्यांच्या वेडाने झपाटलेल्यांत घरंदाज बायका होत्या, त्यांचे नवरे होते आणि संस्थानिकही होते. स्त्रीभूमिकांत ते नऊवारी कसे नेसतात आणि केसांत गजरा कसा माळतात, हे पाहून त्या काळच्या प्रतिष्ठित घरांतल्या स्त्रिया तसे करू लागल्या. त्या वेडाला आज आपण रसिकता म्हणतो आणि त्याच्यावर अभिमानाने बोलतो. साडेसातच्या मालिकेला तेवढा मान मिळत नाही हे मला ठाऊक आहे, आणि बहुतेक मालिकांची तेवढी लायकीही नसते. पण जीव लागण्याची क्रिया दोन्हीकडे एकाच जातीची आहे.

मालिकेच्या बाबतीत ती जास्त खोल जाते, याला कारण आहे. नाटक वर्षातून कधीतरी पाहिले जाई. मालिकेतला माणूस सोमवार ते शनिवार ठरल्या वेळी घरात येतो, कधी रविवारी महाएपिसोड असतो, आणि येतो तोही अशा वेळी, जेव्हा दिवा लागलेला असतो, स्वयंपाक अर्ध्यावर आलेला असतो आणि पूर्वी त्याच वेळेला घरची माणसे कामावरून परतत असत. चित्रपटगृहाच्या पडद्यावर नायक वीस फुटांचा दिसतो. घरच्या पडद्यावर तो आपल्या माणसांच्या मापाचा असतो, आणि कॅमेरा त्याच्या चेहऱ्याच्या इतका जवळ जातो की एवढ्या जवळून आपण फक्त आपल्या लेकरांचे चेहरे पाहिलेले असतात. डोनाल्ड हॉर्टन आणि रिचर्ड वोल या दोन अमेरिकी अभ्यासकांनी १९५६ मध्येच याविषयी एक निबंध लिहिला होता. दूरचित्रवाणी तेव्हा अगदी नवी होती. पडद्यावरच्या व्यक्तीशी प्रेक्षकाचे जवळिकीचे नाते जुळते, ते प्रेक्षकाला खऱ्या ओळखीसारखे वाटते, पण ते एकाच बाजूने चालते, असे त्यांनी मांडले. त्यात त्यांनी वेडेपणा पाहिला नव्हता. या माध्यमाचा स्वभावच तसा आहे असे त्यांचे म्हणणे होते. तेव्हा तुमचे काही चुकते आहे का, या प्रश्नाचे पहिले उत्तर ‘नाही’ असे आहे. दुसरे उत्तरही आहे. त्याच्याकडे येते.

ज्या चेहऱ्यावर तुमचा जीव जडला तो चेहरा तयार कसा होतो, याकडे तुम्ही कधी बारकाईने पाहिले आहे का? गोरेगावच्या चित्रनगरीत, मढच्या बंगल्यांत किंवा ठाण्याला घोडबंदर रस्त्यालगतच्या स्टुडिओत बारा-बारा तासांची शिफ्ट चालते. रोज एक भाग दाखवायचा म्हणजे रोज साधारण वीस-बावीस मिनिटांचा मजकूर चित्रित झालाच पाहिजे, त्यामुळे कित्येकदा संवादांचे कागद सेटवरच हातात पडतात आणि मेकअप चालू असताना पाठ केले जातात. प्रसंगही क्रमाने चित्रित होत नाहीत. दिवाणखान्याचे प्रकाशयोजनेचे काम एकदा झाले की त्या दिवाणखान्यातले पुढच्या चार भागांचे प्रसंग एका दमात उरकतात, म्हणजे सकाळी रुसवा काढायचा आणि दुपारी तो रुसवा ज्या भांडणातून आला ते भांडण करायचे. तुम्हाला जो प्रसंग आवडला असेल, समजा मुलगा आईकडे डोळे भरून पाहतो आहे, त्या क्षणी समोर आई असेलच असे नाही. आईचे काम करणाऱ्या बाईंचे शॉट आधी संपलेले असतात, त्या दुसऱ्या मजल्यावर दुसऱ्या युनिटबरोबर असतात किंवा घरी निघालेल्या असतात, आणि कॅमेऱ्याशेजारी प्लास्टिकच्या खुर्चीत बसलेला एखादा सहायक दिग्दर्शक सपाट आवाजात आईची वाक्ये वाचून क्यू देत असतो. त्या सपाट आवाजाकडे पाहून डोळ्यांत ती माया आणायची, ती दिव्यांच्या उष्णतेत तीन वेळा तशीच आणायची, आणि वाक्य लेखकाने लिहिलेले, थांबण्याची जागा दिग्दर्शकाने सांगितलेली, मागचे संगीत नंतर कोणी घातलेले.

हे वाचून तुमचा हिरमोड व्हावा म्हणून मी लिहिलेले नाही. माझा तर्क असा आहे की तुम्ही ज्याच्यावर प्रेम करता तो गुण खरा आहे, मात्र त्याचा पत्ता तुम्ही चुकीचा लिहिता आहात. ती माया त्या गृहस्थांच्या स्वभावात आहे की नाही, हे तुम्हाला कळण्याचा मार्ग नाही; ते आपल्या आईशी कसे बोलतात हे मालिकेवरून समजत नाही. त्यांच्या कामात मात्र ती आहे, कारण ती तुम्ही रोज स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली आहे. कामावर जीव लावलात तर ते प्रेम कोणी हिरावून घेऊ शकत नाही. माणसावर लावलात, तर तो माणूस विमानतळावर एखाद्या चाहत्याशी तुटक वागला एवढ्या बातमीनेही तुमची रात्र खराब होईल.

आपले लोक या दोन गोष्टींची गल्लत पूर्वीपासून करत आले आहेत आणि तिची किंमत कलाकारांनी मोजली आहे. रामानंद सागर यांची ‘रामायण’ मालिका २५ जानेवारी १९८७ पासून रविवारी सकाळी दूरदर्शनवर लागू लागली, तेव्हा लोक दूरचित्रवाणी संचाला हार घालत, उदबत्ती लावत, आणि रामाचे काम करणारे अरुण गोविल दिसले की पाया पडत. त्यांना सिगारेट ओढताना पाहून एका अनोळखी माणसाने कसे फटकारले, हे त्यांनीच पुढे मुलाखतींत सांगितले आहे, आणि रामाच्या प्रतिमेमुळे दुसऱ्या तऱ्हेच्या भूमिका मिळणे कसे अवघड झाले हेही. भक्तीने एका नटाची वाट अशी अडवून धरली. उलट्या बाजूचा मासला आपल्या घरातला आहे. ‘आई कुठे काय करते’ ही मालिका २०१९ ते २०२४ अशी चालली आणि तीत अनिरुद्धचे काम करणाऱ्या मिलिंद गवळींना समाजमाध्यमांवर शिव्यांची लाखोली वाहिली गेली, जणू काही नायिका अरुंधतीचा संसार त्यांनीच मोडला होता. पडद्यावर खलनायक रंगवणाऱ्या निळूभाऊ फुल्यांची गोष्ट तर जुन्या पिढीला सांगायला नको. राष्ट्र सेवा दलात वाढलेला हा साधा, सज्जन माणूस समोर आला की बायका पदर सावरून बाजूला होत. त्यांच्या अभिनयाला मिळालेली ती दाद होती हे खरे, पण माणसाने ती दाद रोज रस्त्यावर झेलायची म्हणजे कठीणच.

तुमच्या सोमवारांविषयी थोडे कडक बोलायला हवे. मालिकेतला मुलगा बेशुद्ध पडला होता म्हणून तुम्ही उपास केलेत. मालिकांच्या जगात याला ‘ट्रॅक’ म्हणतात. पात्र अतिदक्षता विभागात निजते त्यामागे कथेची गरज असते, कधी टीआरपी घसरलेला असतो, आणि पुष्कळदा कलाकाराने नाटकाच्या दौऱ्यासाठी, चित्रपटासाठी किंवा घरच्या लग्नासाठी रजा घेतलेली असते. नळ्या लावून डोळे मिटून निजलेल्या माणसाचे दोन-चार शॉट आधीच काढून ठेवले की त्याच्याविना पंधरा दिवस कथा रेटता येते. तुम्ही साबुदाण्यावर दिवस काढत असताना तुमचे लाडके कलाकार कदाचित कोठेतरी सुखाने जेवत होते, आणि त्यांना कळले असते तर त्यांनाच अवघडल्यासारखे झाले असते. अंबाबाईची ओटी खुशाल भरा. देवीकडे दुसऱ्याच्या लेकराचे चांगले मागण्यात वावगे काही नाही. मधुमेहात मात्र उपासाची गोष्ट डॉक्टरांना विचारल्याशिवाय करायची नाही, मग तो देवासाठी असो वा मालिकेसाठी. मघाशी म्हटलेले दुसरे उत्तर हेच. जिव्हाळा चुकीचा नाही, पण त्यापायी जेव्हा प्रकृती, पैसा किंवा झोप जाऊ लागते, तेव्हा तो आवरायला हवा. तुमच्याकडे त्याची सुरुवात झालेली दिसते.

आता मालिका संपण्याविषयी. या दुःखाचा अभ्यासही झालेला आहे. ‘फ्रेंड्स’ ही अमेरिकी मालिका २००४ मध्ये संपली तेव्हा केरेन एयाल आणि जोनाथन कोहेन या संशोधकांनी तिच्या प्रेक्षकांना प्रश्न विचारले, आणि २००६ मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. लाडके पात्र दुरावल्याचे दुःख प्रेक्षकांना खरोखर होते, आणि ज्यांचा त्या पात्रावर अधिक जीव असतो व जे अधिक एकटे असतात त्यांना ते अधिक होते, असे त्यांना आढळले. प्रत्यक्ष नाते तुटण्याच्या दुःखापेक्षा मात्र ते सौम्य असते, असेही. तुमच्या पत्रात पहिल्याच दोन ओळींत निवृत्ती, मुलीचे सासरी जाणे आणि मालिका हे तीन प्रसंग शेजारी शेजारी आले आहेत. मला वाटते, मालिका सुरू झाली म्हणून तुमची संध्याकाळ भरली, त्याआधी ती अचानक रिकामी झाली होती. तीस-पस्तीस वर्षे साडेसातला तुम्ही बँकेतून दमून येत होता, मुलगी अभ्यासाला बसलेली असायची, काही ना काही चाललेले असायचे. पुढच्या महिन्यात रिकामी होणार आहे ती वेळ. त्या कलाकाराला गमावण्याचा प्रश्न यात तितकासा नाही, कारण ते काम करतच राहणार आहेत.

म्हणून शेवटचा भाग एकटीने पाहू नका. मुलीला त्या दिवसापुरते मिरजेला बोलवा किंवा तुम्ही पुण्याला जा. ती हसेल, हसू द्या, पण बरोबर बसेल. यजमानांनाही बोलवा, आणि ‘पाहा, मला काय आवडते ते’ असे सांगून तुमच्या आवडीचे दोन प्रसंग त्यांना आधी दाखवा. मोबाइलवर जुने भाग पाहता येतात. ज्या माणसाला आपल्या बायकोचे वेड कळत नाही, त्याला ते कोणी कधी नीट दाखवलेलेही नसते. त्यानंतर त्याच वेळेला लगेच दुसरी मालिका धरू नका. वाहिनी तुम्हाला ती धरायला लावण्याची सगळी तजवीज करील, जुन्या मालिकेतली पात्रे नव्या मालिकेच्या लग्नाला येतील, महासंगम होईल. निदान महिनाभर या मोहात पडू नका.

त्याऐवजी नाटकाला जा. मालिकेतले पुष्कळ कलाकार रंगभूमीवर काम करतात, आणि तुमच्या वहीतल्या कात्रणांत तुमच्या कलाकाराच्या नाटकाचा उल्लेख असेलच. विष्णुदास भाव्यांनी १८४३ मध्ये ‘सीतास्वयंवर’ केले ते सांगलीत, म्हणजे तुमच्या घरापासून दहा-बारा किलोमीटरवर. दौऱ्यावर निघालेली नाटके आजही सांगलीला येतात. रंगमंचावर क्लोजअप नसतो, मागचे संगीत तीनदा वाजत नाही आणि चुकले तर पुन्हा घेता येत नाही. तेथे तुम्हाला कळेल की हा नट कितपत चांगला आहे. तो तितकासा चांगला नाही असेही तुमच्या लक्षात येईल कदाचित, आणि त्यालाही माझी हरकत नाही, कारण चाहत्याला नावडण्याचा अधिकार असला पाहिजे. प्रयोगानंतर कलाकार पुष्कळदा रंगपटात भेटतात. व्यवस्थापकाला विचारून आत जा, दोन वाक्ये बोला, फोटो काढायचा असेल तर परवानगी घ्या आणि मागच्या माणसाला जागा द्या. या भेटीला तिकिटापलीकडे एक पैसा लागत नाही.

चित्रीकरणाच्या ठिकाणी जाऊन थांबण्याचा विचार मनात असेल तर तो सोडा. तुमच्याच भागातले उदाहरण आहे. ‘तुझ्यात जीव रंगला’ या मालिकेचे चित्रीकरण कोल्हापूरजवळच्या वसगडे गावातल्या वाड्यात होत असे, आणि तिच्यातल्या राणादा व पाठकबाईंना पाहायला बाहेरगावांहून इतकी माणसे लोटू लागली की गावकऱ्यांनाच त्याचा जाच झाला आणि तक्रारीपर्यंत गोष्ट गेली. काम चालू असलेल्या माणसाला भेटायला जाण्यात चाहत्याला एक झलक मिळते आणि युनिटची अर्धी शिफ्ट वाया जाते.

पत्र मात्र जरूर लिहा, आणि मालिका संपायच्या आत लिहा, म्हणजे निर्मिती संस्थेच्या पत्त्यावर पाठवलेले त्यांना सेटवरच मिळण्याची शक्यता राहील. निर्मिती संस्थेचे नाव प्रत्येक भागाच्या शेवटी श्रेयनामावलीत येते. ‘मी तुमची खूप मोठी चाहती आहे’ असे तर सगळेच लिहितात. तुम्ही कोणता प्रसंग, कोणती नजर, कोणते थांबणे आवडले ते नेमके लिहा. बँकेत लेजर सांभाळलेल्या माणसाला नेमकेपणा शिकवावा लागत नाही. उपासांचा उल्लेख टाळा, मोबाइल क्रमांक मागू नका, महागडी भेटवस्तू पाठवू नका. त्याच लिफाफ्यात किंवा वेगळ्या कागदावर मालिकेच्या पटकथा आणि संवाद लेखकांनाही चार ओळी लिहा, कारण ज्या वाक्यांनी तुम्ही रडलात ती त्यांची आहेत आणि त्यांना पत्रे फारशी येत नाहीत. उत्तर आले तर वहीत चिकटवा. आले नाही तर रोज टपालाची वाट पाहू नका.

मालिका संपून महिना-दीड महिना उलटल्यावरही जेवण जात नसेल, झोप लागत नसेल किंवा सकाळी उठावेसेच वाटत नसेल, तर ते मालिकेचे दुःख आहे असे समजून घरी बसू नका. निवृत्तीनंतर आणि मुले दूर गेल्यावर येणारे नैराश्य पुष्कळदा असे दुसऱ्याच एखाद्या निमित्ताआड दडून येते. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर मराठीतूनही मोफत बोलता येते, आणि मिरजेत डॉक्टरांची कधीच वाण नव्हती. साखर तपासायला जाल तेव्हाच हेही सांगा.